२.० आणि २.०० : समान की वेगळे?

पडद्यावर दोन संख्या आहेत. २.० आणि २.००. दोन्हींची किंमत सारखीच, हे शाळेतलं मूलही सांगेल. आता याच दोन संख्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या बिगडेसिमलमध्ये, म्हणजे दशांश संख्या अचूक ठेवणाऱ्या प्रकारात, घाला आणि ‘या समान आहेत का?’ हे तपासणाऱ्या इक्वल्सला विचारा. उत्तर येतं: फॉल्स, म्हणजे नाही.

हे उत्तर चुकलेलं नाही. बिगडेसिमल प्रत्येक संख्या दोन तुकड्यांत ठेवतो. एक, दशांशचिन्ह काढलेला पूर्णांक. दुसरा, स्केल, म्हणजे चिन्हापुढची स्थळं. २.० म्हणजे २० आणि स्केल १. २.०० म्हणजे २०० आणि स्केल २. इक्वल्स दोन्ही तुकडे ताडून बघतं.

आणि त्या एका शून्याला खरंच वजन आहे. दोन्ही संख्यांना ३ ने भागा, हाफ अप पद्धतीने (अर्धा किंवा जास्त उरला तर वरचा अंक) पूर्णांकन करायला सांगा, बाकी काही सांगू नका. पहिलीचं उत्तर ०.७, दुसरीचं ०.६७. पुढचा हिशेबच जर बदलत असेल, तर या दोघींना एक मानायचं कसं? जावाचा हा निर्णय मला पटतो.

तरीही त्रास होतोच. ५.२५ मधून ५.२५ वजा करा. हाती येतं ०.००. ते बिगडेसिमलच्या तयार झीरोशी इक्वल्सने ताडलं, तर पुन्हा फॉल्स, कारण झीरोचं स्केल ० आहे. हिशेब मिटलेला असतो, प्रोग्रॅमला मात्र बाकी दिसते. एरर येत नाही, काही बंद पडत नाही, म्हणून अशी चूक सापडायला फार वेळ जातो.

इथे हवं तुलनेचं दुसरं साधन, कम्पेअरटू. ते फक्त किंमत बघतं. २.० आणि २.०० साठी ते ० देतं, म्हणजे समान. पण मग जावात समान गोष्टी एकदाच ठेवणारे जे दोन संच आहेत, त्यांपैकी हॅशसेटमध्ये या दोन्ही संख्या राहतात आणि ट्रीसेटमध्ये एकच, कारण पहिला इक्वल्सचं ऐकतो, दुसरा कम्पेअरटूचं.

पायथन या दुसऱ्या भाषेतल्या डेसिमल या तशाच प्रकारात ही दुफळी नाही. तिथे दोन्ही समान, त्यांचा हॅशही (संख्येवरून काढलेला ओळख-क्रमांक) एकच.

एका जागी मात्र कम्पेअरटूही ‘वेगळ्या’ म्हणतं, आणि ते बरोबर असतं: एक ०.१ अवतरणचिन्हांत लिहून दिलेला, दुसरा तसाच दिलेला. ०.१ अवतरणचिन्हांत न लिहिता थेट कन्स्ट्रक्टरला (संख्या तयार करणाऱ्या कोडला) दिला, तर तो आधी डबल, म्हणजे द्विमान पद्धतीतली जवळपासची संख्या, होतो, आणि बिगडेसिमलमध्ये उतरतं ते हे: ०.१०००००००००००००००…, म्हणजे ०.१ पेक्षा किंचित मोठी संख्या.