वळवणचा महसीर आणि कावेरीचा धडा

(दृश्य: लोणावळा, जुलै. धुक्यात बुडालेलं वळवण धरण. ओढ्याचा आवाज.)

पावसानं ओढे फुगले, की धरणातला महसीर त्यांच्या मुखाशी येऊन थांबतो. गार, वाहतं पाणी जिथं तलावात शिरतं, तिथं पिकलेल्या माद्या सापडतात. त्यांना प्रवाहाविरुद्ध वर जाऊन गोट्यांच्या तळावर अंडी घालायची असतात. पण धरणांनी नद्यांच्या वाटा अडवल्या, उरलेल्या डोहांत लोकांनी सुरुंग लावले, आणि गळाला लढत देणारा हा मासा दिसेनासा होऊ लागला.

मासा मूळचा आपल्याच मुलखातला. १८३९ साली कर्नल सायक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. त्यांनी ऐकलेलं इथलं नाव ‘खुद्री’. शास्त्रातही तेच राहिलं: टॉर खुद्री, म्हणजे निळसर पंखांचा दख्खनी महसीर.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टाटांच्या वीज कंपनीनं वळवणला त्याचं बीज, म्हणजे पाण्यात सोडायची पिल्लं, तयार करायला घेतलं. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी बसवलेली पद्धत दिसायला साधी आहे. तिच्यात घाई मात्र चालत नाही.

(दृश्य: हातात मादी, खाली कोरडं घमेलं.)

मादीचं पोट आधी फडक्यानं कोरडं करतात. घमेलंही कोरडंच हवं. पाण्याचा थेंब लागला की अंडं फुगू लागतं, नराचा रस आत शिरण्याचं छिद्र मिटतं. शिवाय पाण्यात त्या रसाचा जोर फार थोडा वेळ टिकतो. म्हणून आधी अंडी, त्यावर नराचा दुधासारखा रस, आणि पक्ष्याच्या पिसानं हलकेच मिसळणं. पाणी त्यानंतर. मग नितळ पाणी येईपर्यंत धुवायचं आणि अंडी टणक होईपर्यंत हात लावायचा नाही. पोट दाबून अंडी सहज येत नसतील तर मादी पिकलेली नाही. तिला सोडून द्यावं. जोर केला तर अंडी कच्ची आणि रक्ताळलेली येतात, मादीही दगावते.

इथं रोहू-कटल्याचा अनुभव उपयोगी पडत नाही. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, ती गोल हौदात फिरत्या पाण्यात तरंगतात आणि दिवसाच्या आत फुटतात. महसीरची अंडी किलोमागे काही हजारच, पिवळीधमक, अडीच-तीन मिलिमीटरची आणि जड, तळाशी बसणारी. त्यामुळे ती जाळीच्या ट्रेमध्ये एकेरी थरात पसरतात आणि वरून सतत स्वच्छ पाणी वाहतं ठेवतात. २४ ते २८ अंश तापमानात फुटायला साधारण तीन ते चार दिवस लागतात. तेवढ्या वेळात एखादं अंडं मेलं, की पांढरं पडतं, त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना विळखा घालते. पांढरी अंडी रोज चिमट्यानं वेचणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि बॅच हातची जाते ती बहुधा तिथंच.

पिल्लं बाहेर आली तरी पोहत नाहीत. पोटाशी पिवळा बलक घेऊन, डोकी अंधारात खुपसून कोपऱ्यात घोळक्यानं पडून राहतात. नवख्याला वाटतं, मेली. त्यांना ढवळू नये, उजेड दाखवू नये. बलक संपत आला, की ती स्वतःच वर येतात. मग बारीक खाद्य सुरू.

(दृश्य: ऑक्सिजनच्या पिशव्या, पहाट.)

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, सोडण्याआधी एक दिवस उपाशी ठेवतात. भरल्या पोटी नेली तर पिशवीतलं पाणी विष्ठेनं सडतं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. काठावर आल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं तलावात तरंगवायची, तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि पिल्लं आपण होऊन बाहेर जाऊ द्यायची. धरणाच्या भिंतीशी किंवा वीजघराकडे पाणी नेणाऱ्या तोंडाशी कधीच सोडायची नाहीत. सांडवा चालू असतानाही नाही. उथळ, गोट्यांचा काठ बरा. पाणकावळे आणि मरळ वाटा घेतातच, त्यामुळे सगळी पिल्लं एकाच जागी ओतू नयेत.

(दृश्य बदल: कावेरी, कर्नाटक.)

पैदास जमली, म्हणून लोणावळ्याचं बीज इतर राज्यांतही गेलं. कावेरीतही. तिथं गळवाल्यांचा लाडका होता कुबड असलेला, नारिंगी पंखांचा महसीर. १९४६ साली कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, व्हॅन इंगेन या गळवाल्यांनी धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा मासा याच जातीचा मानला जातो. निळ्या पंखांचा महसीर इथला नव्हता. गळवाल्यांना मासे मिळावेत, नदीत महसीर वाढावा, एवढाच हेतू होता. पण महसीर म्हणजे सगळा एकच, हे गृहीत धरलं गेलं.

काय झालं ते गळवाल्यांच्याच वहीत सापडलं. कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या गळवाल्यांच्या छावणीत १९९८ ते २०१२ पर्यंत पकडून सोडलेल्या माशांची नोंद होत होती; सहा हजारांहून जास्त महसीर. त्यात निळ्या पंखांचे आकडे चढत गेले आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झाला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग यांचाही त्यात हात आहेच. पण आधीच खचलेल्या माशाच्या डोहात बाहेरचा भाऊबंद आणून बसवला, हे नाकारता येत नाही.

कुबडवाल्या माशाचं शास्त्रीय नावही २०१८ सालीच पक्कं झालं: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. म्हणजे ओळख पटेपर्यंत मासा संपत आला होता.

(दृश्य: मोयार नदी, जंगलातला डोह.)

तो आता मोयारसारख्या थोड्या ठिकाणी तग धरून आहे. त्याची पैदास करायची, तर ट्रे, पीस, कोरडं घमेलं, सगळं वळवणसारखंच लागेल. आधी मात्र एकाच वेळी पिकलेले नर-मादी त्या डोहातून न दुखावता धरावे लागतील, आणि पंखांचा रंग, पाठीचं कुबड पाहून, एकेक मासा पारखून मगच घमेल्यापाशी आणावा लागेल.