फाँट्स पॉइंट, पण वाट कुणाची?

नमस्कार मंडळी, आज जरा वाळवंटात जाऊया. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोपासून गाडीनं दोनेक तासांवर अँझा-बोरेगो म्हणून अवाढव्य स्टेट पार्क आहे, त्यात फाँट्स पॉइंट. शेवटचे चारेक मैल कोरड्या ओढ्याच्या वाळूतनं जायचं, साधी गाडी रुतते, आणि वर पोचलात की पुढं जमीनच संपते! कठडा-बिठडा काही नाही, कडा ठिसूळ, तेव्हा सेल्फीवाल्यांनो मागंच थांबा. खाली नुसत्या मातकट घळी, एकीत एक शिरलेल्या. जुन्या तळ्यांचा, नद्यांचा गाळ तो, पावसानं कातरलेला, आणि त्यात मॅमथ, घोडे, उंट यांची हाडं सापडलीत. उंट मूळचा अमेरिकेचाच बरं का.

झाडांत माझं लाडकं ओकोटियो. जमिनीतनं वर आलेल्या काटेरी छड्या, पानाचा पत्ता नाही, बघणारा म्हणेल मेलंय हे. पण पाऊस पडू द्या, थोड्याच दिवसांत छडीभर बारीक हिरवी पानं, ओल गेली की सगळी गळून मोकळं, पुन्हा पाऊस पुन्हा पानं, आणि वसंतात टोकांना लालभडक तुरे की हमिंगबर्ड हजर. मेस्किटही आहे, आपल्याकडच्या विलायती बाभळीच्या गोतातलं. इथले मूळचे काहुइया लोक त्याच्या शेंगा कुटून पीठ करायचे.

आता नावाचं. पेद्रो फाँट हा पाद्री, १७७५-७६ साली स्पॅनिश कॅप्टन अँझा दोनशेच्या वर माणसं, बायकापोरं, गुरं घेऊन सॅन फ्रान्सिस्को वसवायला निघाला त्या तांड्यातला. रोजनिशी झकास लिहायचा, पण कुरकुऱ्या. नाताळच्या आदल्या रात्री अँझानं लोकांना दारू वाटली तर याचा तिळपापड! त्याच रात्री तांड्यात एक बाळही जन्मलं.

पण मला विचाराल तर मान सेबास्तियन ताराबालचा. हा बाहा कॅलिफोर्नियाचा (आताच्या मेक्सिकोतला) आदिवासी, मिशनमधनं, म्हणजे पाद्र्यांच्या वसाहतीतनं पळाला, वाळूचे डोंगर तुडवत पूर्वेला गेला, त्यात बायको दगावली. आणि १७७४ मध्ये अँझा पहिल्यांदा इकडं आला तेव्हा वाटाड्या कोण, तर हाच. पाद्रीबुवांना पॉइंट मिळाला, याच्या नावानं आग्नेयेला एक दलदल आहे, सॅन सेबास्तियन मार्श, तेही नाव अँझानंच दिलेलं.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च, उन्हाळ्यात पारा ४५च्याही वर जातो. पाणी भरपूर घ्या आणि वाळू कशी आहे ते आधी रेंजरला विचारा.