झाड तेच, ऋतू नवा

नमस्कार, श्रोतेहो.

मुलांना घेऊन शहरातल्या बागेत निघालात, की पिशवीत पातळ कागद आणि मेणखडू टाका. घसरगुंडी, झोपाळे झाले की एक झाड निवडा. कुठलं, ते मुलांनाच ठरवू द्या.

खाली पडलेलं एक पान उचला आणि पालथं ठेवा, म्हणजे शिरा वर येतील. त्यावर कागद धरून मेणखडू आडवा, हलक्या हाताने फिरवा. आधी काहीच दिसत नाही. मग मधली जाड शीर उमटते, तिच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या शिरा आणि मधली बारीक जाळी. किड्याने पाडलेलं भोकसुद्धा उमटतं, आणि मुलं नेमकी तिथे थबकतात. "हे कुणी खाल्लं?" झालं, शोध सुरू! माक्स एर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून असेच ठसे घेतले आणि त्यांतून चित्रं घडवली. तुम्ही झाडाच्या सालीवर घेऊन बघा.

पण एकदा करून थांबू नका, हीच माझी कळकळीची विनंती. ऋतू बदलला की त्याच झाडाकडे या. पानगळीत पानं पिवळी पडतात, तेव्हा पिवळा रंग नव्याने येत नसतो. तो पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्य विरलं की उघडा पडतो. लाल मात्र बहुधा तेव्हाच तयार होतो. कितीतरी झाडांची कोवळी पालवी तांबूस दिसते, तीही त्याच जातीच्या रंगद्रव्यामुळे. गळलेल्या पानांची हिरव्यापासून तपकिरीपर्यंत रांग लावा. वाऱ्याने उडाली तर उडू द्या, पुन्हा लावता येते.

कडक उन्हाच्या दिवसांत सायनोटाइपचा, म्हणजे उन्हाने ठसा उमटणारा, कागद आणा. त्यावर पान ठेवून उन्हात धरायचं आणि मग पाण्यात धुवायचं. पानाखालची जागा पांढरी राहते, बाकीचा कागद गर्द निळा होतो. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी त्याच रीतीने शेवाळांचे ठसे छापले.

मोठ्यांनी एक पथ्य पाळावं. मुलांच्या हातातला खडू घेऊन चित्र 'नीट' करून देऊ नये. आणि फांदी कुणीच तोडू नये, जमिनीवर पडलेलं भरपूर असतं.

प्रत्येक कागदामागे तारीख लिहा. वर्ष सरलं की सगळे कागद त्याच झाडाखाली शेजारी शेजारी मांडा आणि मुलांना बोलू द्या.

नमस्कार.