साडेसातशे इंची पडदा आणि हातातला डेक

[दृश्य: टेबलावर पांढरट-काळा हेडसेट, त्याला जोडलेला बॉक्स, जाड केबलची गुंडाळी. शेजारी स्टीम डेक.]

सोनीने २०११ साली एचएमझेड-टी१ हा डोक्यावर घालायचा व्हिडिओ हेडसेट आणला, तो ‘वीस मीटरवरून दिसणारा ७५० इंची पडदा’ म्हणून. आकडा खोटा नव्हता, पण तो होता कोनाचा हिशेब. ७५० इंची पडद्याची रुंदी भरते साडेसोळा मीटर, आणि वीस मीटरवरून तो नजरेचा ४५ अंशांचा भाग व्यापतो. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या गेमिंग कॉम्प्युटरचा सात इंची स्क्रीन डोळ्यांपासून १८ सेंटिमीटरवर धरला, तर तोही एवढाच मोठा दिसेल. मात्र इतक्या जवळ कुणी खेळू शकत नाही, डोळ्यांवर लगेच ताण येतो. टी१च्या भिंगांमुळे चित्र दूर असल्यासारखं वाटतं आणि नजर सैल राहते. डेकला टी१ जोडून खेळण्याचा खरा फायदा हाच.

हेडसेटच्या आत प्रत्येक डोळ्यासमोर ०.७ इंचाचा ओएलईडी पॅनेल आहे, १२८० बाय ७२० पिक्सेलचा. २०२२च्या स्टीम डेकचा स्क्रीन १२८० बाय ८००. म्हणजे रुंदी तंतोतंत तीच. आजच्या तगड्या ग्राफिक्स कार्डापुढे ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचं चित्र, किरकोळ वाटेल, पण डेकची ताकद बेतलेलीच या मापावर आहे.

याला व्हीआर, म्हणजे डोकं वळवलं तसं दृश्य बदलणारं आभासी जग, मात्र म्हणू नका. डोकं डावीकडे वळवलं की पडदाही डावीकडे येतो. डोक्याची हालचाल ओळखणारं काहीही यात नाही. जुन्या वस्तूच्या बाबतीत ही उणीव पथ्यावरच पडते. २०१३च्या ऑक्युलस रिफ्ट डीके१ या व्हीआर हेडसेटला चित्राचे दोन भाग करणारं, ते भिंगांसाठी वाकवणारं आणि सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर लागतं. टी१ला ड्रायव्हरच लागत नाही. डेकच्या लेखी तो एक साधा एचडीएमआय टीव्ही.

[दृश्य: डेकची वरची कड, टाइप-सी पोर्ट.]

डेकला एकच टाइप-सी पोर्ट आहे, वरच्या कडेला. त्यातून व्हिडिओ घेणारा आणि सोबत चार्जिंगही पुढे देणारा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा जोड, घ्या. नुसते यूएसबी पोर्ट वाढवणारा स्वस्त हब चालणार नाही; हब डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडवर (टाइप-सीतून व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीवर) चालणारा आहे ना, हे आधी बघा. चार्जर डेकसोबतचा ४५ वॉटचाच बरा. हब स्वतःही थोडी वीज खातो, त्यामुळे चार्जर कमी ताकदीचा असेल तर खेळता खेळता बॅटरी उतरत जाते.

हबमधली एचडीएमआय केबल बॉक्सच्या ‘इन’मध्ये लावा. शेजारचा ‘आउट’ टीव्हीसाठी आहे, आणि घाईत केबल हटकून तिथेच जाते. बॉक्सला वीज थेट भिंतीच्या प्लगमधून लागते. सेकंडहँड हेडसेट दुसऱ्या देशातून आलेला असेल, तर तो किती व्होल्टचा आहे हे बॉक्सवरच्या लेबलवर वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

आता क्रम. आधी बॉक्स सुरू करा, हेडसेट डोक्यावर चढवा, आरोग्याची सूचना बटण दाबून पुढे घालवा, आणि मग हब डेकला जोडा. स्क्रीन जोडला जातो त्या क्षणी डेक त्याची मापं विचारून घेतो. समोरून उत्तर आलं नाही, तर चित्र डेकवरच राहतं. तसं झालं की टाइप-सीचा प्लग काढून पुन्हा लावा. हेडसेट काढून ठेवल्यावर त्यातलं चित्र बंद होतं, तो बिघाड नव्हे. चेहरा जवळ आहे की नाही हे पाहणारा सेन्सर आत आहे. नीट घालूनही अंधारच असेल तर आधी तो सेन्सर पुसून बघा.

[दृश्य: एकाच खेळाची दोन चित्रं. एकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.]

सर्वांत जास्त घोळ होतो तो रिझोल्यूशनचा. पुष्कळ खेळ डेकवर १२८० बाय ८००च धरून चालतात. ८०० ओळी ७२०मध्ये बसवायच्या म्हणजे चित्र नऊ दशांश होणार. रुंदी उरते ११५२, आणि दोन्ही बाजूंना ६४-६४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. पट्ट्या एक वेळ खपतील, पण प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यात मिसळल्यामुळे अक्षरांच्या कडा पसरतात, आणि ४५ अंशांवर ते लपत नाही. उपाय सोपा आहे. स्टीममध्ये त्या खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘गेम रिझोल्यूशन’ १२८० बाय ७२० करा, आणि खेळाच्या आतल्या सेटिंग्जमध्येही तेच निवडा. दोन्हीकडे. डेकचं कामही यात दहा टक्क्यांनी हलकं होतं. टी१ १०८०पी स्वीकारतो, म्हणून ते द्यायचा मोह होईल, पण त्यात काही हशील नाही. पॅनेल ७२०चाच असल्यामुळे बॉक्स ते पुन्हा लहान करतो.

फ्रेमरेटचंही, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचंही, असंच. डेकच्या स्वतःच्या स्क्रीनवर ४० फ्रेमची मर्यादा छान चालते, कारण तो स्क्रीन स्वतःच ४० हर्ट्झवर उतरतो. टी१ ६० वरच राहतो. साठात चाळीस बसवताना एक फ्रेम एकदा दिसते, पुढची दोनदा, आणि कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं. म्हणून तीन ठिपक्यांच्या बटणामागच्या मेनूत मर्यादा ठेवायची ती ६० किंवा ३०.

आवाज डेकच्या स्पीकरमधूनच येत असेल, तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये एचडीएमआय निवडा. टी१चे हेडफोन हेडसेटलाच जोडलेले आहेत; २०१२च्या टी२ या पुढच्या हेडसेटला स्वतःचे लावता येतात.

[दृश्य: हेडसेट घालताना, बाजूने.]

टी१चं वजन ४२० ग्रॅम, आणि जवळजवळ सगळं पुढे. पट्टे सैल राहिले की भार नाकावर येतो, म्हणून तो कपाळावर घ्या आणि मागचे पट्टे डोक्याच्या फुगवट्याखाली बसवा. मग खालच्या सरकपट्टीने दोन भिंगांमधलं अंतर जुळवा. एक कोपरा धूसर दिसला तर लगेच सरकपट्टीला दोष देऊ नका. बहुतेकदा हेडसेटच तिरका बसलेला असतो. हनुवटीकडची बाजू उघडी असल्याने नजर खाली केली की डेकची बटणं दिसतात. पंधरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांनी हा वापरू नये, असं सोनीनेच बजावलं आहे.

ठेवताना भिंगं उन्हाकडे करू नका. ऊन भिंगातून नेमकं पॅनेलवर एकवटतं, आणि जळलेला ठिपका परत जात नाही.

[दृश्य: एकाच दृश्याच्या शेजारी-शेजारी दोन दबलेल्या प्रतिमा.]

राहिलं थ्रीडी. प्रत्येक डोळ्याला वेगळा पॅनेल असल्यामुळे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याला झिरपत नाही. चष्म्याच्या थ्रीडी टीव्हींना हे कधी पुरतं जमलं नाही. डेकवर सोपी वाट डॉल्फिन एम्युलेटरची, म्हणजे निंटेंडोच्या जुन्या कन्सोलचे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची: ग्राफिक्समधल्या ‘एनहान्समेंट्स’मध्ये स्टिरिओस्कोपिक थ्रीडी ‘साइड बाय साइड’वर ठेवा, आणि बॉक्सच्या मेनूतही तोच प्रकार निवडा. डेप्थ अगदी कमीवरून वाढवत न्या. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला आडवे ६४० पिक्सेलच येतात, त्यामुळे बारीक मजकुराच्या खेळांना हे नको. आणि खेळ संपला की बॉक्सचं थ्रीडी हातानेच बंद करावं लागतं, नाहीतर डेकच्या मेनूचा डावा अर्धा भाग डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला ताणून दिसतो.