डबा रिकामा परत आला

नमस्कार श्रोतेहो. मी आपल्या बडोद्यातल्या दांडियाबाजारची. आमच्या गच्चीतून सूरसागर तलावातला उभा महादेव दिसतो. तीन वर्षं मी जर्मनीत, एल्बे नदीकाठच्या माग्डेबुर्गला शिकत होते. गेल्या वर्षी परत आले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या दिवसांबद्दल बोलायला मला इथे बोलावलंय. अभ्यासाचं मी काही सांगणार नाही, ते माहितीपत्रकांत छापलेलं असतंच. मी सांगणार आहे ते सोबत राहणाऱ्या माणसांबद्दल.

पैशांचं आधी उरकून टाकते, कारण आईवडील तेच विचारतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण व्हिसाआधी वर्षभराचा खर्च एका खात्यात अडकवून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. त्यातले महिन्याला फक्त ९९२ हातात येतात. पैसे आपलेच, पण मिळतात ते बाबांनी मोजून हातखर्चाला दिल्यासारखे.

खरा त्रास खोलीचा. मी पाठवलेल्या अर्जांना उत्तरंच यायची नाहीत. एका ठिकाणी फोनवर खोली रिकामी होती, नाव सांगितलं आणि ती भरली. खूप चिडले होते. मग एका रात्री आठवलं, आमच्याच गल्लीत वरचा मजला भाड्याने द्यायचा असला की पहिला प्रश्न काय असतो? ‘कोण लोक आहेत?’ आणि हा प्रश्न काही आजचा नाही. १९१३ साली सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा खोलीसोबती होता. ती मैत्री जन्मभर टिकली. लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० साली ते पुन्हा तिकडे गेले, तेव्हा मदत करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांबरोबर हा मित्रही होता. आणि मधे, १९१७ साली, बडोदे सरकारच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा? एका पारशी धर्मशाळेत कसेबसे काही दिवस राहिले, तिथून लोकांनी काठ्या घेऊन हाकललं, आणि दुसरी जागा या गावात कुणी दिली नाही. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते इथल्या कमाटीबागेत बसून राहिले. शाळेत असताना त्याच बागेत आमची सहल जायची, ही गोष्ट मात्र आम्हाला कुणी सांगितली नव्हती. त्या रात्री माझा राग काही गेला नाही, फक्त तो एकट्या जर्मनांवर राहिला नाही.

शेवटी खोली मिळाली. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, आणि आम्ही चौघं. एक जर्मन मुलगी सॅक्सनीकडची, एक इराणी, एक विशाखापट्टणमचा आणि मी. फ्रिजवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. आपल्याकडे ‘राहू दे गं, मी घासते’ म्हटलं की प्रेम वाढतं. मी एकदा त्या मुलीच्या पाळीला ओटा पुसून टाकला, तर ती गोंधळून तक्त्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘आता माझी पाळी कधी?’

रविवारी तिथे किराण्याची दुकानं बंद. शनिवारी रात्री कांदे संपले तर सोमवारपर्यंत कांद्याशिवाय. पण तिथल्या थंडगार शेल्फावर क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, आणि तो म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. जरासा पातळ असतो, म्हणून मी तास-दीड तास फडक्यात बांधून नळाला टांगला, पिठीसाखर आणि घरून आणलेलं केशर घातलं, वेलदोडा कुटला. श्रीखंड असं झालं की मीच चाट पडले. स्टीलच्या डब्यात भरून त्या जर्मन मुलीला दिलं. संध्याकाळी डबा माझ्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलेला. धुऊन, पुसून लख्ख. आणि रिकामा.

आईला फोनवर सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘निदान साखरेचे दोन दाणे तरी टाकायचे.’

मग जुलैत माझा वाढदिवस आला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे बडोद्यात रात्रीचे बारा वाजले की तिथे आदल्या दिवसाचे साडेआठ. घरून फोन आला, सगळे ओरडून शुभेच्छा देतायत, आणि स्वयंपाकघरात ती मुलगी हातातला पाव तसाच धरून उभी. ‘आज नाही! उद्या! आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो!’ मांजर आडवं गेलं की थांबणारी आमची आजी एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहत राहिले. औक्षण नाही तर नाही, पण केक तरी आणतील ना? सात वाजले, आठ वाजले. तिघंही स्वयंपाकघरात उगाच घुटमळतायत. शेवटी विशाखापट्टणमच्या मुलाने कानात सांगितलं, ‘अगं, इथे केक वाढदिवस असणाऱ्यानेच आणायचा असतो. ते तुझी वाट पाहतायत.’ दुकान बंद व्हायला थोडाच वेळ होता. मी चपलांवरच धावले.

पुण्याची मुलं मला गुजराती समजायची आणि सुरतेची मला ‘तमे तो मराठी’ म्हणायची. ‘मला नाही फावत’ असं गुजराती वळणाचं काही माझ्या तोंडून गेलं की पुणेकर हसायचे. ते नवरात्रापुरतं मिटायचं. गरब्यातली बे ताळी कुणाला नीट येते ते विचारलं की बडोदेकराकडेच यावं लागतं.

नोव्हेंबरात मला सणकून ताप आला. जर्मन मुलीला कळलं. तिने डायरी उघडली, पान पाहिलं आणि म्हणाली, ‘उद्या सहा ते आठ मी मोकळी आहे. सूप करून आणते.’ मला इतका राग आला! आजाऱ्याला कुणी वेळ ठरवून भेटतं? आपल्याकडे एव्हाना चार बायका खिचडी घेऊन आल्या असत्या आणि पाचवी ‘येते हं’ म्हणून आली नसती. दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं. गाजर-बटाट्याचं सूप माझ्याच त्या स्टीलच्या डब्यात होतं, मधे कधीतरी मी तो पुन्हा दिला होता. फोन बंद करून ती खुर्चीत बसली. थर्मामीटर लावला, आकडा पाहून काही बोलली नाही. मला झोप लागली, जाग आली तेव्हाही ती तिथेच. आठ वाजता उठली, डबा धुऊन ठेवला आणि गेली. ‘काही लागलं तर हाक मार’ म्हणाली नाही. शुक्रवारी सात ते आठ पुन्हा आली.

ते दोन तास तिने कशातून काढले होते ते मला नंतर कळलं. सकाळी पाचला बेकरीत काम, मग प्रयोगशाळा. डायरीत जागा करणं म्हणजे कुठलं तरी काम खोडणं.

आता मी इथे आणि ती तिथे. दर रविवारी तिचा फोन येतो, तिच्या चार वाजता, आपल्या साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तोच फोन साडेआठला, बरोबर आमची पानं मांडायच्या वेळी. आई म्हणाली, ‘तिला सांग, आम्ही जेवत असतो.’ सांगितलं. तिने डायरी काढली, खोडून लिहिलं, आणि विचारलं, ‘नऊ वाजता तुमचं जेवण नक्की संपलेलं असेल ना?’ आईने हात धुता धुता सांगितलं, ‘सव्वानऊ म्हण.’