काळे दाणे, मध्यरात्र आणि लेमूर

नमस्कार श्रोतेहो.

आजचा शब्द लेमूर. टीव्हीवर पाहिला असेल तुम्ही. लांब शेपूट, तिच्यावर काळ्यापांढऱ्या कड्या, आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी झोपेतून हलवून उठवलंय. प्राणी मादागास्कर बेटावरचा, शब्द मात्र रोमचा. लॅटिन भाषेत लेमुरेस म्हणजे भुतं. पुन्हा सांगतो, लेमुरेस म्हणजे भुतं. तीही परकी नव्हेत. आपल्याच घरातली, मेल्यावरही उंबरा न सोडणारी.

खरं सांगू? हा विषय घेतला तो एका गोष्टीसाठी. ती आधी सांगून टाकतो, बाकीचं वेळ उरला तर.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये ओव्हिड नावाचा कवी होता. त्यानं रोमच्या पंचांगावरच एक काव्य लिहिलं, ‘फास्ती’. त्यात मे महिन्यातल्या तीन रात्री येतात: 9, 11 आणि 13. मधला एकेक दिवस सोडून. या दिवसांना म्हणायचे लेमुरिया. देवळांची दारं बंद. लग्नाचं तर नावच नको. मे महिन्यात वाईट बायकाच लग्न करतात, अशी म्हण होती तिकडे. आणि आपल्याकडे? मे महिन्यात कार्यालय मिळावं म्हणून दिवाळीपासून खेटे घालतात लोक! भर उन्हात शालू, शेरवानी, वर जेवणाची रांग. या एका बाबतीत रोमन लोक शहाणे होते असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तर मध्यरात्र झालीय. कुत्रीसुद्धा गप्प. घरचा कर्ता पुरुष उठतो, अनवाणी. अंगठा बोटांच्या मधून बाहेर काढून मूठ वळतो. का? तर अंधारात एखादी सावली समोर आलीच, तर तिनं वाट सोडावी. वाहत्या झऱ्याच्या पाण्यानं हात धुतो. मग वळतो, आणि हातात घेतो काळे दाणे. अगदी आपला वाल नव्हे, पण वालाच्याच कुळातला, जाड दाण्याचा. तोंड फिरवून तो ते दाणे मागे टाकत जातो आणि म्हणतो, “हे मी टाकतो. या दाण्यांनी मी स्वतःला आणि माझ्या माणसांना सोडवून घेतो.”

असं एकदा नाही. नऊ वेळा. आणि नऊ वेळा म्हणेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. श्रोतेहो, मागे वळून बघायचं नाही! हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. तिठ्यावर उतारा ठेवून येणाऱ्याला आपल्या आज्यांनी हेच बजावलेलं असतं. रोमचा तो गृहस्थ पुढे बघत चालतोय आणि मागे, कुणाला न दिसता, सावली एकेक दाणा वेचत येतेय. ओव्हिडनं एवढंच लिहिलंय, वेचत येते म्हणून. मला मात्र दरवेळी ते दाणे फरशीवर टपटपलेले ऐकू येतात.

मग पुन्हा पाण्याला हात. काशाचं भांडं बडवायचं. आणि म्हणायचं, “वाडवडिलांनो, आता निघा.” तेही नऊ वेळा. त्यानंतर, फक्त त्यानंतर, मागे वळून बघायचं. झालं, घर मोकळं.

यात भीती आहेच, पण मला जास्त दिसतो तो संकोच. आपल्याच माणसांना हाकलायचं, तर निदान चार दाणे देऊन. पितृपक्षात आपण कावळ्याला बोलावतो, हे लोक निरोप देतात. एक गंमत मात्र आहे. एवढे दाणे माझ्या आईनं फेकू दिले नसते. वाल भिजवून, मोड आणून, सोलायला बसलं की कंबर धरते म्हणून. आणि बिरडं कुकरमध्ये करू नये, शिट्टी झाली की दाण्याचा लगदा होतो. हे विषयात बसत नाही, पण सांगायला हवं होतं.

हे सगळं सुरू कसं झालं? ओव्हिड म्हणतो, रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या भावाचा, रेमसचा खून झाला. त्याची रक्ताळलेली छाया पालनकर्त्यांच्या उशाशी आली आणि तिनं आपल्या नावाचा दिवस मागितला. तो रेमुरिया, पुढे र चा ल होऊन लेमुरिया. रलयोरभेदः हे आपल्या संस्कृतवाल्यांनाही ठाऊक, आणि ‘लाजा-लाणी’ म्हणणाऱ्या पोरांनाही. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीला मान डोलवत नाहीत. मला आवडते.

समोरच्या काचेतून बोट दाखवताहेत, म्हणजे थोडाच वेळ उरलाय. तर लेमूर.

स्वीडनचा लिनियस, ज्यानं जगभरच्या जिवांना लॅटिन नावं दिली, त्यानं हे भुतांचं नाव प्राण्याला दिलं. 1758 सालच्या त्याच्या ग्रंथात ते आहे. कारण त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय: हे रात्री फिरतात, काहीसे माणसासारखे असतात, आणि सावकाश पावलं टाकत भटकतात. सावकाश, हा शब्द धरून ठेवा. मादागास्करचे लेमूर तर टणाटण उड्या मारतात! सावकाश चालतो तो लोरिस. आपल्या दक्षिण भारतातला, श्रीलंकेतला, पाव किलोच्या आतबाहेर वजनाचा, काटकुळ्या हातापायांचा, वाटोळ्या डोळ्यांचा. लिनियसच्या लेमुरांत तेव्हा लोरिसही होता, आणि ते वर्णन त्यालाच बसतं. पुढे लोरिसची वेगळी जात मानली गेली आणि भुताचं नाव राहिलं मादागास्करच्या मंडळींकडे. त्या डोळ्यांपायी लोरिसचे आजही हाल होतात, जादूटोण्यासाठी त्याला मारतात. नाव गेलं, पण भुताचा शिक्का पुसला नाही.

आणि तो कड्यांच्या शेपटीचा लेमूर, ज्याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, तो मुख्यतः दिवसा वावरतो. सकाळी उन्हात मांडी ठोकल्यासारखा बसतो, दोन्ही हात पसरून, पांढरं पोट सूर्याकडे करून.

बोट आता दोनदा दाखवलं. नमस्कार.