उजवा कौल

नमस्कार श्रोतेहो. श्रद्धा मोठी की विज्ञान, हा वाद आमच्या तळकोकणात फारसा रंगत नाही. इथला माणूस देवाला गाऱ्हाणंही घालतो आणि गोळीही घेतो. प्रश्न एवढाच, की आधी काय?

माझ्या आजोळची गोष्ट सांगतो. सावंतवाडीकडचं गाव. मे महिन्यात पावसाळ्याची लाकडं मांगरात रचताना मामाला लाल विंचू डसला. बघता बघता सदरा घामाने पिळून काढण्याजोगा झाला, हातपाय गार पडले. आजी म्हणाली, "आधी कौल लावा." आजीपुढे बोलणार कोण? सगळे धावले रवळनाथाच्या देवळात. गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे, डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आता कौल म्हणजे कधी कधी तासाचं काम, तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी सुकेल तेव्हा पाकळी सुटणार. तर गुरव म्हणाला, "बा रवळनाथा, झिलाक डॉक्टराकडे न्हेवचा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" मंडळींचं "व्हय म्हाराजा" पुरतं झालंही नव्हतं, तोच उजवी पाकळी खाली! गुरवच ओरडला, "बघतास काय? गाडी काढा!" टेम्पोत घालून मामाला नेलं. मामा वाचला. पुढे मी मोठा झाल्यावर गुरवाला गाठलं, म्हटलं, इतक्या लवकर कौल कसा? तो हसून म्हणाला, "उजवे पाकळेक पाणी कमीच लावलंय. देवाक तेव्हा घाय होती."

घाई का, तर लाल विंचवाच्या विषाने अंगात अ‍ॅड्रेनालिनचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडजवळ बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1976 पासून असे रोगी पाहिले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी ते देऊ लागले. आधी शंभरात पंचवीस-तीस रोगी दगावत, ते प्रमाण एकावर आलं. प्राझोसिन, श्रोतेहो, प्राझोसिन. लोकांनी काही 'लॅन्सेट' वाचलं नाही. शेजारचा गडी उठून भाताला बसलेला पाहिला, आणि भरवसा बसला.

मांत्रिकाचं नावही असंच झालेलं असतं. काळ्या विंचवाची कळ बहुधा आपोआप उतरते, श्रेय मंत्राला जातं. पण लाल विंचू डसल्यावरही मंत्रावर विसंबलं, की तिथेच घात होतो.

म्हणून घाम फुटला, हातपाय गार पडले, की आधी गाडी काढा. गाऱ्हाणं वाटेत घाला, रवळनाथ गाडीतलंही ऐकतो. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, ते उद्याच विचारून ठेवा. नमस्कार.